मक्याच्या मुलखातली हिरवी चटणी

परदेशातून परतलेला माणूस उंच इमारतींच्या, पुतळ्यांच्या आणि वस्तुसंग्रहालयांच्या गोष्टी सांगतो. स्वयंपाकघराची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आम्ही मात्र आज वाचक भगिनी-बंधूंना एका स्वयंपाकघराचीच गोष्ट सांगणार आहोत. हे स्वयंपाकघर मेक्सिको शहरातले आहे. तिथे आम्ही शिकलो ती वस्तू म्हणजे भाजलेल्या हिरव्या फळांची चटणी. ही चटणी रश्श्यासारखी पातळ करतात, मक्याच्या पोळ्या तिच्यात बुडवतात, आत कोंबडीचे मांस भरतात आणि गुंडाळी करून ताटात वाढतात. या पदार्थाला एन्चिलाडा म्हणतात. शब्दाचा अर्थ एवढाच, की मिरची लावलेली.

आम्ही एका कार्यालयात कारकुनी करतो. उरलेला वेळ वस्तीतल्या कामात जातो. परदेश प्रवास हा आमच्या खिशाला झेपणारा विषय नव्हे. पण थोरल्या बहिणीचा मुलगा कंपनीच्या कामानिमित्त मेक्सिको शहरात राहायला गेला. “मामा, मामीला घेऊन या. तिकिटांचे मी पाहतो,” असे तो दोन वर्षे फोनवर म्हणत होता. अखेर २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस साठवलेली रजा काढून आम्ही उभयता निघालो. मुंबईहून तिकडे थेट विमान नाही. वाटेत विमाने बदलत, झोपेचे खोबरे करून आम्ही पोहोचलो.

मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. पहिल्या दिवशी दोन जिने चढताच आम्हाला दम लागला. एकेकाळी इथे मोठे सरोवर होते. त्यातील बेटावर आझ्टेक लोकांची राजधानी होती. १५२१ साली स्पॅनिश फौजांनी ती जिंकून उद्ध्वस्त केली आणि तिच्याच दगडांवर आजचे शहर उभे राहिले. राजवाडे गेले, देवळे गेली. पण गोरगरिबांच्या चुलीवरचे अन्न मात्र गेले नाही. ते कसे टिकले, हे आम्हाला पुढे कळले.

भाचा ज्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, त्या घराची मालकीण पंचाहत्तरीची विधवा बाई आहे. भाचा तिला ‘दोन्या’ म्हणतो. वडीलधाऱ्या बाईला हाक मारण्याची ती तिकडची आदराची रीत. आम्हाला ती हाक तोंडात बसेना. आम्ही तिला ‘मावशी’ म्हणू लागलो. आईची बहीण ती मावशी, असा अर्थ भाच्याने सांगितला तेव्हा तिने आमच्या पत्नीचा हात धरला आणि म्हणाली, “मग बहिणीच्या मुलांना जेवू घालणे आलेच. उद्या बाजाराला चला.”

दुसऱ्या दिवशी आम्ही मेट्रो रेल्वेने हामायका नावाच्या बाजाराला गेलो. इथल्या मेट्रोची एक गोष्ट आम्हाला फार आवडली. प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्रही दिलेले आहे. १९६९ साली मेट्रो सुरू झाली तेव्हा वाचता न येणाऱ्या प्रवाशांचाही विचार केला गेला. हामायका स्थानकाचे चित्र म्हणजे मक्याचे कणीस. अक्षरओळख नसलेली म्हातारीही कणीस पाहून बरोबर उतरते. ज्यांना शाळेचे दार उघडले नाही, त्यांचा असा विचार करणारी योजना पाहून मनाला बरे वाटले.

बाजारात शिरलो आणि क्षणभर आपण दादरच्या फुलबाजारात आहोत असे वाटले. जिकडे तिकडे झेंडू! दोन नोव्हेंबरला तिथे मृतांच्या स्मरणाचा दिवस पाळतात आणि त्यासाठी ढिगांनी झेंडू येतो. आपण ज्याला आपला म्हणून दसऱ्याला दारावर बांधतो, तो झेंडू मुळात याच भूमीतला आहे. मिरचीही इथलीच. या देशातल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी ती माणसाळवली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली. म्हणजे त्याआधी आपल्या पूर्वजांनी ठेचा खाल्लेलाच नाही! तिखटासाठी तेव्हा मिरी, पिंपळी आणि आले एवढेच होते.

भाजीच्या ओळीत मावशी एका ढिगापाशी थांबली. लिंबाएवढी हिरवी फळे, प्रत्येकावर कागदासारखे पातळ फिकट आवरण. आम्ही एक उचलले आणि म्हणालो, “अरे, ही तर रानपोपटी!” आपल्याकडे पावसाळ्यात बांधावर जे झुडूप उगवते आणि ज्याची फुगलेली फळे मुले कपाळावर आपटून फोडतात, त्याला कोणी रानपोपटी म्हणते, कोणी चिरबोटी. बाजारात मिळणारी रसभरीही त्याच कुळातली. मेक्सिकोचे हे फळ याच कुळातला मोठा भाऊ म्हणायचा. बाहेरच्या देशांत याला तोमातियो म्हणतात, पण मेक्सिको शहरात ‘तोमाते’ म्हटले की हेच हिरवे फळ देतात. आपला लाल टोमॅटो हवा असेल तर ‘हितोमाते’ म्हणावे लागते. हे दोन्ही शब्द आझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतून आले आहेत. आपण ‘टोमॅटो’ म्हणतो तेव्हा नकळत त्याच भाषेतला शब्द उच्चारतो.

फळे कशी निवडावी, हे मावशीने दाखवले. आवरण फळाला घट्ट बसलेले हवे. सैल, सुरकुतलेले असेल तर फळ जुने. दाबले तर कठीण लागले पाहिजे. फार मोठी फळे घेऊ नयेत, लहान फळांना चव जास्त. अर्धा किलो फळे, बोटाएवढ्या सेर्रानो जातीच्या तीन हिरव्या मिरच्या, एक पांढरा कांदा, लसूण आणि कोथिंबिरीची जुडी एवढे घेऊन आम्ही परतलो.

आता मूळ कृती. मावशीने आधी फळांची आवरणे सोलली. आत फळाला चिकट थर असतो. तो कोमट पाण्यात चोळून धुतला. मग चुलीवर ‘कोमाल’ ठेवला. कोमाल म्हणजे आपला तवाच, पूर्वी मातीचा असे, आता बहुतेक घरी लोखंडी असतो. तेलाचा थेंबही घातला नाही. कोरड्या तव्यावर फळे देठाची बाजू खाली करून मांडली. बाजूला अख्ख्या मिरच्या, कांद्याच्या जाड चकत्या आणि सालीसकट लसणाच्या पाकळ्या. आच मध्यम.

“घाई करायची नाही,” मावशी म्हणाली. “फळाला काळे डाग पडू द्या, पण फळ फुटू देऊ नका. फुटले की रस तव्यावर जळतो आणि चटणी कडू होते.” दहा-बारा मिनिटांत पोपटी फळे मेंदीच्या रंगाची झाली आणि मऊ पडली. हे फळ कच्चे असताना चांगलेच आंबट असते. भाजल्याने त्याचा आंबटपणा बोथट होतो आणि आतला गोडवा वर येतो. तिथे हीच चटणी कोणी फळे उकडून करतात, कोणी कच्ची वाटूनही करतात. उकडलेली चटणी जास्त आंबट लागते. धुराचा वास मात्र भाजलेल्या चटणीलाच येतो.

वाटण्यासाठी मावशीने काळ्या खडबडीत दगडाचे तीन पायांचे उखळीसारखे भांडे काढले. त्याचे नाव मोल्काहेते. ज्वालामुखीच्या खडकातून ते कोरतात. नवे भांडे आणले की त्यात तांदूळ पुन्हा पुन्हा वाटून टाकून देतात, म्हणजे दगडाची कचकच निघून जाते. हे ऐकताच पत्नीला आपल्याकडच्या पाट्याला टाकी लावणाऱ्या बाया आठवल्या. टाकी लावल्यावर पहिले एक-दोन वाटण आपल्याकडेही फेकून देत असत.

बत्ता मावशीने आमच्या हातात दिला. पत्नीकडे बोट दाखवून म्हणाली, “ती रोज वाटते. आज तू वाट.” आधी जाडे मीठ आणि सोललेला लसूण, मग मिरच्या, मग एकेक फळ. सगळे एकदम टाकले तर रस अंगावर उडतो. पंधरा मिनिटांत आमचा दंड भरून आला. मावशी हसली. ती हसली ते बरोबरच होते. वाचकहो, आपल्या घरातील वाटण-कांडण किती ओझ्याचे असते, हे पुरुषाला बत्ता हातात घेतल्याशिवाय समजत नाही.

जेवणात तोंडी लावायची चटणी इथेच तयार झाली. एन्चिलाडाला मात्र ती आणखी पुढे न्यावी लागते. मावशीने वाटण गुळगुळीत करण्यासाठी मिक्सरमधून फिरवले. कढईत एक मोठा चमचा डुकराची चरबी तापवली (तेलही चालते) आणि वाटण एकदम ओतले. चर्रर्र असा मोठा आवाज झाला. “हा आवाज आला नाही तर चटणी कच्ची राहिली समजायचे,” ती म्हणाली. मग कोंबडी शिजवलेले एक वाटी पाणी घालून आठ-दहा मिनिटे उकळले. पळीच्या पाठीवर थर राहील इतपत दाट झाले की झाले. मक्याच्या पोळ्या, म्हणजे तोर्तिया, गरम तेलातून काही क्षण काढल्या, म्हणजे रश्श्यात त्या फुटत नाहीत. नंतर हिरव्या रश्श्यात बुडवून, आत कोंबडीच्या मांसाचे धागे भरून गुंडाळल्या. वर पुन्हा रस्सा, कुस्करलेले पांढरे चीज, थोडी साय आणि कांद्याच्या चकत्या. पहिला घास घेतला आणि आम्ही गप्प झालो. ही चव आम्हाला अनोळखी नव्हती.

ती चव कुठली, हे सांगण्याआधी मावशीची कहाणी सांगितली पाहिजे. मावशी मूळची पुएब्ला राज्यातल्या डोंगराळ भागातली. तिची आई नाहुआत्ल बोलत असे. ती शहरात आली आणि लोकांच्या घरी भांडी, धुणे, स्वयंपाक करू लागली. ती भाषा बोलली की लोक हसत, खेडवळ म्हणून हिणवत. म्हणून आईने मुलांशी स्पॅनिशच बोलायचे ठरवले. मावशीला आईच्या भाषेत आज एक वाक्यही बोलता येत नाही. हे सांगताना ती तव्याकडे पाहत होती. मग एकाएकी म्हणाली, “पण स्वयंपाकघरात ती भाषा राहिली. तोमाते, चिले, कोमाल, मेताते, मोल्काहेते, सगळे शब्द आईचेच आहेत.” भाषा दारातून हाकलली गेली, पण शब्द चुलीपाशी बसून राहिले.

जे भाषेचे झाले तेच अन्नाचेही झाले होते. स्पॅनिश लोक आले, त्यांनी गहू आणला. गव्हाचा पाव हा वरच्यांचा आणि मक्याची तोर्तिया ही खालच्यांची, अशी उतरंड पडली. १८९९ साली फ्रान्सिस्को बुल्नेस या मेक्सिकन राजकारणी लेखकाने ग्रंथ लिहून मानवजातीचे गहू, तांदूळ आणि मका खाणारे असे तीन भाग पाडले. गहू खाणारेच तेवढे प्रगतिशील, मका खाणारे मूळनिवासी मागासलेले, आणि त्याला कारण मका, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्यांच्या जमिनी हिरावून घेतल्या, ज्यांना मजूर म्हणून राबवले, त्यांच्या दारिद्र्याचे कारण त्यांच्या ताटात शोधणारा हा पंडित! अन्नावरून माणसाची पायरी ठरवण्याची ही विद्या आपल्या वाचकांना नवी वाटणार नाही.

पण शास्त्राने पुढे काय सिद्ध केले ते पाहा. मेक्सिकोतल्या बाया मका नुसता दळत नाहीत. चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, सकाळी धुऊन मग वाटतात. ही रीत किमान तीन हजार वर्षे जुनी आहे. मक्यामध्ये नायसिन नावाचे जीवनसत्त्व असते, पण ते बांधलेले असते, अंगी लागत नाही. चुन्याने ते मोकळे होते. युरोपने मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. परिणामी इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात, केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा भयंकर रोग जडला. कातडी सोलून निघायची, बुद्धी भ्रमिष्ट व्हायची, माणसे मरायची. नायसिनच्या अभावाचा या रोगाशी असलेला संबंध १९३७ साली निश्चित झाला. जे प्रयोगशाळेला १९३७ मध्ये उमगले, त्यावरचा उपाय मेतातेपाशी गुडघे टेकून बसणाऱ्या निरक्षर बाईच्या हातात तीन हजार वर्षे होता. बुल्नेससाहेबांना मात्र त्याची वार्ताही नव्हती.

मात्र या परंपरेचे नुसते कौतुक करून चालणार नाही. मेताते म्हणजे तीन पायांचा उतरता पाटा. त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसून घरातली बाई दिवसाचे कित्येक तास मका वाटत असे. जात्यावर पहाटे दळण दळणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांची तीच गत होती. तेपोस्त्लान नावाच्या गावात १९२० च्या दशकात मका वाटायची यांत्रिक गिरणी आली तेव्हा विरोध पुरुषांनी केला. हाताने वाटलेल्याची चव येत नाही, बाया रिकाम्या बसतील, बिघडतील, ही त्यांची कारणे. पण पुढे बायांनी पुरुषांचे ऐकले नाही, गिरणी चालली. मावशीची आईही शहरात येण्यापूर्वी मेतातेवरच वाटायची. मावशी म्हणाली, “आईच्या गुडघ्यांना शेवटपर्यंत घट्टे होते. मी मेताते ठेवला आहे, पण रोज वापरत नाही. मका गिरणीतून आणते.” आम्हाला हे पटले. जुने ज्ञान जपावे, जुना जाच जपू नये.

शेवटच्या आठवड्यात भाच्याने आम्हाला गाडीने शहराच्या पूर्वेला तेश्कोकोजवळ असलेल्या चापिंगोच्या कृषी विद्यापीठात नेले. तिथे एका मराठी माणसाचा माग काढायचा होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे १८८४ साली वर्ध्याला जन्मले, गदर चळवळीत पडले आणि देशोदेशी भटकत १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले. चापिंगोच्या कृषी शाळेत ते प्राध्यापक झाले. मक्यावर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर ‘आमची भाकर’ नावाचे चित्र काढले आहे. त्यात मेजाच्या मधोमध बसून भाकर वाटणारा माणूस खानखोजे यांच्यावरून काढला असे सांगतात. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले.

चापिंगोच्या प्रार्थनागृहात रिवेरा यांनी १९२४ ते १९२७ या काळात रंगवलेली भित्तिचित्रे आम्ही डोळे भरून पाहिली. पण त्याहून मनात राहिले ते या संस्थेचे ब्रीद. त्याचा भावार्थ असा: जमिनीकडून पीक कसे घ्यावे ते शिकवा, माणसाला पिळून घ्यायला शिकवू नका. वर्ध्याचा माणूस त्या ब्रीदाखाली शिकवत होता, याचा आम्हाला अभिमान वाटला.

परतताना रस्त्याकडेला मक्याचे एक शेत दिसले. कणसे वाळत आली होती. ताटांवर घेवड्याचे वेल चढलेले, खाली भोपळा पसरलेला. या मिश्र शेताला ते मिल्पा म्हणतात. आपण ज्वारीत तूर-मूग टाकतो तसेच. बांधाच्या कडेला आपोआप उगवलेली हिरव्या तोमातेची झुडपे होती. मका आणि चटणी एकाच शेतातली. पोळी आणि तिचा रस्सा जन्मापासूनचे शेजारी.

त्या रात्री जेवताना मावशीने आम्हाला विचारले, “तुझी आई अशी चटणी कशी करायची?” तिला आम्ही सांगून ठेवले होते, की ही चव आम्हाला ओळखीची वाटते. आमची आई मराठवाड्यातल्या गावी चुलीच्या निखाऱ्यात कच्चे हिरवे टोमॅटो आणि मिरच्या भाजायची. राख झटकायची, साल काढायची, पाट्यावर वाटायची. त्यात ती आणखी काहीतरी भाजून घालायची, त्याने चटणीला दाटपणा यायचा. काय घालायची? आम्ही सांगू लागलो आणि अडलो. तीळ? कारळे? जवस? भाच्याने तिथूनच त्याच्या आईला फोन लावला. बहीण म्हणाली कारळे. मग गावी धाकट्या भावाला विचारले. तो म्हणाला जवस. आई जाऊन अकरा वर्षे झाली. आता विचारणार कोणाला?

वाचकहो, आमच्यासारख्या बी. कॉम. झालेल्या, हजारो रकमांचे हिशेब पैशापर्यंत जुळवणाऱ्या माणसाला आईच्या चटणीतला एक जिन्नस सांगता येऊ नये, याची आम्हाला मेक्सिकोत बसून लाज वाटली. आणि त्याहून जुनी एक लाज आठवली. कॉलेजात असताना आमच्या डब्यात ज्वारीची भाकर आणि हीच हिरवी चटणी असायची. वर्गातल्या मुलांच्या डब्यात पोळी-भाजी. आम्ही डबा बाकाखाली धरून खायचो. कधी न खाताच परत न्यायचो आणि आईला सांगायचो, भूक नव्हती. आई काही बोलत नसे. तिला कळत असणारच. मावशीच्या आईने भाषा लपवली, आम्ही डबा लपवला. लपवलेल्या वस्तूबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. म्हणून तर तीळ, कारळे की जवस, हे आम्ही कधी विचारलेच नाही.

आज जगाचे बोल बदलले आहेत. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. जिची टिंगल झाली ती तोर्तिया आता मोठ्या हॉटेलांत मानाने वाढली जाते. आपल्याकडेही ठेचा-भाकरी हॉटेलांच्या यादीत चढली आहे. आनंद आहे. पण हॉटेलाने मान दिला म्हणून आपल्याला मान वाटावा, एवढे उसने स्वाभिमानाचे जिणे आपण जगू नये.

आणखी एक विचार मनात येतो. त्या हिरव्या चटणीत मिरची आणि तोमाते तिकडचे. पण कांदा, लसूण, कोथिंबीर हे जिन्नस स्पॅनिश लोकांबरोबर आपल्या बाजूच्या जगातून तिकडे गेले. आपल्या ठेच्यात मिरची तिकडची, लसूण इकडचा. एकाही ताटात निव्वळ आपले म्हणावे असे काही नाही. अन्नाच्या शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्याने आधी आपल्या ताटातली मिरची बाजूला काढून दाखवावी!

आता भगिनींसाठी आणि स्वयंपाकघरात हात लावायला तयार असलेल्या बंधूंसाठी, इथे करता येईल अशी कृती. तोमाते आपल्या बाजारात सहज मिळत नाहीत. बांधावरची रानपोपटी तोडून वापरू नका, तिची कच्ची फळे पोटाला बाधतात. त्याऐवजी अर्धा किलो घट्ट, कच्चे हिरवे टोमॅटो घ्या. मोठे असतील तर दोन फोडी करा. तीन-चार हिरव्या मिरच्या, एक मध्यम कांदा, सात-आठ लसूण पाकळ्या सालीसकट. सगळे कोरड्या लोखंडी तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा. मिरच्यांना आधी चीर द्या, नाहीतर त्या फुटून उडतात. लसूण सोला. मीठ आणि मूठभर कोथिंबीर घालून वाटा. एक पळी तेल चांगले तापवून त्यात वाटण ओता, वाटीभर कोंबडीचे किंवा डाळीचे पाणी घालून दहा मिनिटे उकळा. शेवटी अर्धे लिंबू पिळा, कारण आपल्या टोमॅटोला तोमातेचा आंबटपणा नाही. ज्वारीची भाकर यात बुडवली तर मोडते. म्हणून भाकर ताटात ठेवून वर हा रस्सा ओता, सोबत उकडलेले अंडे किंवा कोंबडी घ्या. याला एन्चिलाडा म्हणता येणार नाही, पण जेवण झकास होते. आमच्या घरी आता दर रविवारी हा बेत असतो आणि वाटण्याची पाळी आमची असते.

निरोपाच्या दिवशी मावशीने आम्हाला एक लहान मोल्काहेते दिला. विमानात वजन फार होईल म्हणून भाचा कुरकुरला. आम्ही चार कपडे तिथेच ठेवले आणि दगड घेऊन आलो. घरी आल्यावर तीळ घालून एकदा, कारळे घालून एकदा आणि जवस घालून एकदा, अशा तीन चटण्या केल्या. बहीण आणि भाऊ दोघांनाही बोलावले. तिन्ही चाखून बहीण म्हणाली, “यातली एकही आईची नाही.” भाऊ म्हणाला, “तिन्ही थोड्या थोड्या आहेत.” आणि आम्ही तिघे बराच वेळ बोललो नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती आहे. ज्यांच्या घरी आई, आजी, सासू, मावशी आहे, त्यांनी आज जेवण झाल्यावर वही-पेन घेऊन त्यांच्यापाशी बसावे. काय भाजता, किती भाजता, वर काय घालता, हे विचारावे आणि लिहून घ्यावे. त्या म्हणतील, यात काय लिहायचे? तरी लिहावे. आपल्या बायांनी जे हाताने जपले ते कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. ते विचारण्याची वेळ निघून जाण्यापूर्वी विचारा. आमची निघून गेली.